कासारणीची चिठ्ठी

लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. उंब्रजपासून दोन कोसांवरच्या गावात मी नवी सून होते. माझे मालक आणि थोरले दीर दोघेही पलटणीत. घरात सासरे, थोरल्या जाऊबाई आणि मी. सासरे पंचायतीत पंच होते. शेजारच्या गावात प्लेग झाल्यावर पंचायतीनं दवंडी दिली होती, की दारोदार माल विकणाऱ्यानं आधी चावडीवर नाव सांगायचं, शिक्क्याची चिठ्ठी घ्यायची, मगच गावात फिरायचं.

एका दुपारी आमची नेहमीची कासारीण आली. बारीक अंगाची, अबोल बाई. तिनं न विचारताच चिठ्ठी दाखवली आणि ओसरीवर टोपली उतरवली. माझ्या हातात हिरवी काकणं भरली, एकही पिचलं नाही. मग जाऊबाईंनी हात पुढं केला. तिनं तो धरला, मनगटावर अंगठा ठेवला आणि हळूच सोडून दिला.

"तुमच्या मापाची न्हाईत आज."

आम्हा दोघींचा हात एकाच मापाचा. टोपली तर भरलेली.

"हिला बसली, मग मला का न्हाई?" जाऊबाईंनी विचारलं.

"फुडल्या खेपंला भरू," ती म्हणाली. पाणीसुद्धा न पिता ती निघून गेली.

नवव्या दिवशी तार आली. थोरले दीर कामी आले होते.

"पोस्टात तिच्या कानावर आलं असंल," सासरे म्हणाले. पण पोस्टमास्तरांना विचारलं, तर तार यायच्या आधी त्यांनाच काही ठाऊक नव्हतं. मग गावातली आणखी एक विधवा बोलली. नवरा जायच्या आधी तिचाही हात कासारणीनं असाच सोडला होता.

चिठ्ठी बंद करा, असं काही पंच म्हणाले. पण तिनं काही फसवलं नव्हतं, रोगही आणला नव्हता. शेवटी सासऱ्यांनी नियमात एक ओळ घातली: चिठ्ठी घेतलेल्या कासारणीनं कोणाही सवाष्णीला काकणं भरायला नकार देऊ नये. तिनं ती ऐकली आणि खाली अंगठा उठवला.

पुढच्या खेपेला ती आली, तेव्हा जाऊबाई आतून बाहेर आल्या नाहीत. मला बसायचं नव्हतं, पण नको म्हणायचीही भीती वाटली. तिनं माझा हात घेतला. मनगटावर अंगठा ठेवला आणि थांबली. तिची बोटं गार होती. बऱ्याच वेळानं ती भरू लागली.

"मावशी, थांबलासा का?"

"काय न्हाई."

"खरं सांगा."

तिनं वर पाहिलं नाही. "आता समद्यास्नी भरायची, असा नियम हाय न्हवं, बाई."

त्यानंतर गावात तिला कुणी हाक मारेना. चावडीवरून चिठ्ठी घेऊन ती आळीआळीनं फिरायची आणि भरल्या टोपलीनं परत जायची. मग येईनाशी झाली. आम्ही बायका बाजारात जाऊन काकणं भरू लागलो. पोस्टमन गल्लीत दिसला, की मी चुलीपाशी जाऊन बसायची. वर्ष असं गेलं, वर आणखी काही महिने.

एका सकाळी मालक खांद्यावर ट्रंक घेऊन चालत आले. वाळले होते, पण धड होते. जाऊबाईंनी त्यांना ओवाळलं नाही, दारातून नुसतं पाहिलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि काकणांचे हात पदरात गुंडाळून घेतले.

"थंडी वाजती व्हय?" त्यांनी विचारलं.

मी व्हय म्हणाले.