वसंतमामांनी बसवलेली पाटी

वसंतमामा कोणाच्याही घरी गेले की आधी भिंत वाजवत. चपला काढायच्या, मधल्या बोटाच्या पेरानं भिंतीवर दोनदा टक-टक करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि मग यजमानाला नमस्कार. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते आईबरोबर धारला माझ्या होणाऱ्या सासरी आले. सासरे पोह्यांची बशी पुढे धरून उभे आणि हे आपले बैठकीची भिंत वाजवतायत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवासला परतताना बसमध्ये त्यांनी आईला निकाल सांगितला, "अक्का, भिंत एकविटी आहे, पोकळ वाजते. पण सासू भली बाई आहे. देऊन टाक पोरगी." त्या घरात मला आता पंचवीस वर्षं होतील. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ नव्हेत. आमच्या देवासच्या घरापासून तीन घरं सोडून राहायचे. वीज खात्यात खांबांवर चढण्यात जन्म गेला. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आईनं एका भाऊबीजेला त्यांना ओवाळलं आणि तेव्हापासून ते आमचे मामा झाले. रोज चार वाजता चहाला हजर. चहाबरोबर वाटीभर शेव लागे, आणि शेव कमी तिखट असली तर "अक्का, ही काय आजाऱ्याची शेव आणलीस?" हे ठरलेलं.

बाबा गेल्यानंतर आई एकटी राहत होती. एका सकाळी मागच्या ओट्यावर पाण्याची मोटार लावायला गेली, घसरली आणि मनगट मोडून बसली. माझा धाकटा भाऊ शेखर बेंगळुरूला असतो. तो म्हणाला, "बस झालं आता. आई माझ्याकडे येणार." आई म्हणाली, "मी मरेन तर इथंच." आठवडाभर फोनवर दोघांचं जुंपलं होतं. शेवटी शेखरनं तोड काढली. त्यानं एक टचस्क्रीन पाठवला. तो बैठकीच्या भिंतीत बसवायचा, आणि दिवे, पंखे, गिझर, मोटार, बाहेरच्या दाराचं कुलूप, सगळं तिथूनच बोटानं चालवायचं. म्हणजे आईला कुठं उठबस नको. "दसऱ्याला येतो," शेखर म्हणाला. "तोवर तुला हे चालवता आलं तर राहा. नाही तर परतीची तिकिटं दोन काढतो."

आईनं तो खोका मामांपुढे ठेवला आणि म्हणाली, "वसंता, माझं राहणं आता तुझ्या हातात आहे."

मामांनी माहितीपुस्तक वाचलं आणि पहिल्याच पानावर अडले. "यात लिहिलंय, डोळ्यांच्या उंचीवर लावा. कोणाच्या डोळ्यांच्या? लिहिणाऱ्यानं अक्काला पाहिलीय का?" आमची आई चार फूट दहा इंच. मामांनी तिची मापं घेतली. उभी, बसलेली, गुडघे दुखतात त्या दिवशीची वेगळी. "बेबी," ते मला म्हणाले, "भिंतीला दहादा विचारावं, मग छिन्नी लावावी. फोडलेली भिंत माफ नी करत भिया." मी पन्नाशीला आले तरी त्यांच्या लेखी बेबीच होते, आणि रंगात आले की माळव्यातल्या सवयीनं बेबीचीसुद्धा भिया, म्हणजे भाऊ, व्हायची.

त्या रविवारी मी धारहून गेले तर बैठकीच्या भिंतीवर टचस्क्रीनच्या मापाचा पुठ्ठा चिकटवलेला. त्यावर पेन्सिलीनं चौकोन आखून दिवा, पंखा, गिझर, मोटार, दार असं लिहिलेलं. आई पुठ्ठ्यावरचा पंखा दाबायची, की समोर खुर्चीत बसलेले मामा उठून पंख्याचं बटण लावायचे. "लगा दिया! आता बोल." आईनं मोटार दाबली की हे मागच्या ओट्यावर. आठ दिवस तालीम चालली होती म्हणे. आईलाही चेव चढला होता. दिवा लाव, बंद कर, लाव, बंद कर. मामा धापा टाकत म्हणाले, "अक्का, जरा दम धर. मशीनलापण चहा लागतो."

मग भिंत फोडली. मामांनी खुर्च्या-टेबलावर जुन्या साड्या घातल्या, उभी रेष बघायला ओळंबा सोडला, आडवी बघायला पाणसळ लावली आणि तीन दिवस छिन्नी चालवून तो टचस्क्रीन भिंतीत असा बसवला की फटीत कागद जाणार नाही. मामा त्याला पाटी म्हणत. आई लांबून बघून म्हणाली, "तिरपी आहे."

"पाटी सरळ आहे, अक्का. तुझी भिंत तिरपी आहे."

"पन्नास वर्षं राहतेय मी इथं. मला सांगतोस?"

मामा दोन दिवस फुगून बसले. चहालाही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन आले आणि पाटी भिंतीच्या तिरपेपणाला जुळवून पुन्हा बसवली. "ज्या घरात राहायचं त्या घरासारखं राहावं," एवढंच बोलले. आता ती सगळ्यांना सरळ दिसायला लागली.

खरी गंमत पुढं झाली. पाटी सुरू केली, आईनं देवाला हात जोडून दिवा दाबला आणि काही झालं नाही. जोरानं दाबला, तरी नाही. मी नुसतं बोट टेकवलं तर ट्यूबलाइट लख्ख! मामांनी लावून पाहिलं, पुन्हा ढिम्म. आईची बोटं भांडी घासून, पिठं मळून कोरडी खडखडीत, मामांची तारा ओढून घट्टे पडलेली. काच दोघांनाही दाद देईना. मामा स्टुलावर मटकन बसले. "बेबी, हिला काम केलेल्या माणसाचं बोट ओळखू येत नाही गं." दसरा चार दिवसांवर होता. त्या दिवशी त्यांनी शेवेच्या वाटीला हात लावला नाही. मी त्यांना वाकलेल्या खांबावरसुद्धा हसत चढताना पाहिलं होतं, घाबरलेले पहिल्यांदाच पाहिले.

सुटका आईनंच केली. तांदूळ धुता धुता, चिडून, ओल्या बोटानं तिनं पाटीला टोचलं आणि पंखा फिरायला लागला! मग काय, मामांनी पाटीखाली पाण्याच्या वाटीसाठी छोटी फळी ठोकली. आई वाटीत बोट बुडवायची, पदराला अर्धवट टिपायची आणि दिवा लावायची. "आता काय, आचमन केल्याशिवाय उजेड नाही," मामा म्हणाले, आणि वाटीभर शेव संपवून आणखी मागितली.

दसऱ्याला शेखर आला. सकाळी टेकडीवर देवीचं दर्शन घेऊन आला आणि आईची परीक्षा घेतली. आईनं फटाफट सगळं करून दाखवलं. शेखर खूश. मामा कोपऱ्यात असे बसले होते, जणू हे घर त्यांनीच बांधलंय.

संध्याकाळी शस्त्रपूजा मांडली. मामांची छिन्नी-हातोडी, माझ्या आजीचं शिवणयंत्र, शेखरचा लॅपटॉप. आणि आई उठली. वर्षभर राबणाऱ्या हत्याराला आज कुंकू लावायचं नाही तर कधी? तिनं ओलं हळदकुंकू घेतलं आणि पाटीच्या बरोबर मध्यभागी दोन ठसठशीत बोटं उठवली. मध्यभागी होतं 'सगळं बंद'.

घर गुडुप्प अंधारात. मग कुंकवाचा ओघळ खाली आला तशी मोटार सुरू झाली, मागोमाग दाराचं कुलूप खटखट वाजू लागलं. शेखर ओरडला, "आई, पूस ते!"

"खबरदार! आज पूजेचं कुंकू पुसायचं? उद्या उत्तरपूजा झाल्यावर."

"अगं, टाकी वाहतेय!"

"वाहू दे!"

वाहत होतीच. मामा अंधारात धडपडत मागं गेले, भिजले, पाटीची लाइन काढली आणि भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला सारून त्यामागे झाकलेल्या जुन्या बोर्डाची बटणं लावली. उजेड पडला. जुना बोर्ड काढून टाका, असं शेखरनं बजावलं होतं. त्यानं बोर्डाकडे पाहिलं आणि भडकलाच. "म्हणजे पाटीवर तुमचाच भरवसा नव्हता, मामा. आई, बॅग भर. परवा निघायचं."

मामांनी निथळता सदरा पिळला. मग म्हणाले, "शेखर, पाटी बंद पडेल. बोर्डही जळेल. मी तीन घरं सोडून आहे ना रे. तू अक्काला नेलीस तर मी चार वाजता कुठं जाऊ?"

बोलून गेले आणि स्वतःच चपापले. आई पदर तोंडाला लावून वळली. मला रडू फुटलं, लपवलं नाही. शेखर बराच वेळ टॉवेल शोधत होता. तो मामांच्या खांद्यावर टाकत म्हणाला, "उत्तरपूजा उद्या किती वाजता आहे? तोवर बोर्डवरच चालवू." आई म्हणाली, "आधी सोनं वाटा, पानं सुकली." आणि तो विषय तिथंच मिटला.

त्यानंतर तीन वर्षं आई त्या घरात राहिली. पाटीनं पुन्हा कधी त्रास दिला नाही. गेल्या माघात मामा दुपारी जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी आईजवळ राहायला गेले. तेराव्यानंतरच्या संध्याकाळी आईनं वाटीत बोट बुडवलं, बैठकीचा दिवा लावला, अंगणातला लावला, दाराचं कुलूप घातलं. सगळं बिनचूक. मग मला म्हणाली, "शेखरला फोन लाव."

फोन कानाला धरून ती शांतपणे म्हणाली, "पाटी अगदी छान चालतेय हो, शेखर. एक दिवा चुकत नाही. आता ये आणि मला घेऊन जा."