महिपतीच्या गाडीतलं बोलणं

लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर महिपती टॅक्सी लावायचा. गाडी जुनी, अमेरिकन बनावटीची, आत सात माणसं ऐसपैस. पण खरं सांगू का, लोक बसायचे ते त्याचं बोलणं ऐकायला. लांबून लोहगड दिसला की ह्याची गोष्ट सुरू. मला येतात त्यातल्या निम्म्या गोष्टी त्याच्याच.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोलचे भाव भडकले. मी तेव्हा खाणीवर ट्रक चालवायचो. मीच त्याला म्हणालो, "महिपतीभाऊ, डिझेलचं इंजिन बसव. स्वस्त पडतं, पळतंबी लय."

"गिऱ्हाईक बसंल का पण?"

"गिऱ्हाईकाला इंजिन कुटं दिसतंय?"

त्यानं ऐकलं. जुनं इंजिन गॅरेजवाल्याला देऊन टाकलं आणि मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. थंडीत ते लवकर सुरू व्हायचं नाही, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास धडधडत ठेवायचा. स्टँडभर धूर. बजरंग टांगेवाला म्हणायचा, "भाऊ, गिरण टाकली व्हय? दळण आणू का?"

महिपती हसायचा. त्याला भरवसा होता तो तुंगार्लीच्या बंगल्यातल्या अमेरिकन साहेबाचा. साहेब मोडकंतोडकं मराठी बोलायचा आणि गोष्टी ऐकत दर रविवारी कार्ल्याला जायचा. नव्या इंजिनाच्या पहिल्या रविवारी महिपती वाटभर ओरडून बोलला. साहेब कानामागं हात धरून बसला. कार्ल्याला उतरून त्यानं शर्टाची बाही हुंगली.

"महिपती, आमच्याकडे पेट्रोल स्वस्त. डिझेल ट्रकला. घरच्या माणसांना अशा गाडीत कोणी बसवत नाही. आवाज, वास."

पुढच्या रविवारी साहेब बजरंगाच्या टांग्यात बसला. बजरंगाला एकही गोष्ट धड सांगता येत नव्हती. हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंही गेली.

वर्षभरात महिपतीनं मागची सीट काढली आणि कामशेतहून दुधाचे कॅन आणायला लागला. पोट भरत होतं. मला एका शब्दानं बोलला नाही.

एकदा मी त्याच्या शेजारी बसून आलो. मागं कॅन खडखडत होते, पुढं इंजिन. मळवलीजवळ त्यानं लोहगडाकडं बोट केलं आणि बोलायला लागला. ओठ हलत होते, डोळे तसेच चमकत होते. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. मी मान हलवत राहिलो, "व्हय, व्हय."

गोष्ट नवी होती, एवढं त्याच्या हातवाऱ्यांवरून कळलं. उतरल्यावर विचारायला हवं होतं. विचारलं असतं, तर मला ऐकू आली नाही हे त्याला कळलं असतं.