गिटारच्या मानेला साबण

मी ओरडेपर्यंत मदिनाचाचीने गिटारच्या मानेला साबण लावून टाकला होता.

लाकडाला साबण! कोऱ्या, सुक्या लाकडाला, वाटीतल्या पाण्यात बुडवून फेस काढलेला ओला साबण. मी ब्लाऊज शिवणारी बाई, मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. पण पावसाळ्यात दार फुगून अडकतं, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "चाची, काय करालीस!" म्हणेपर्यंत तिने तो दांडा दोन्ही बाजूंनी माखला, पदराला हात पुसले आणि पोराला म्हणाली, "हं, आता घाल. बघ कसं सुळकन जातंय."

आता या बाईला कुणी वेडी म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे. तिने साबण का लावला हे कळायला आधी ती कोण हे कळायला हवं.

मदिना मणेर. राजारामपुरीत माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून तिचं बांगड्यांचं दुकान. मधे एक भिंत आहे, पण चाचीचा आवाज असा की ती भिंत असून नसल्यासारखी. सासरा बांगड्यांचा धंदा करायचा, नवराही तोच करतो. शमशुद्दीनचाचा आठवडी बाजार फिरतो, आज हुपरी तर उद्या आणखी कुठे, आणि दुकान चाचीकडे. घरात ती माणसं दखनीत बोलतात, दुकानात मराठीत. भांडण मात्र कुठेही असलं तरी मराठीतच, शेजाऱ्याला नीट कळावं म्हणून.

हल्ली बांगड्या काय, पाकिटातून घ्यायच्या नि घरी चढवायच्या. पण लग्नाचा हिरवा चुडा म्हटलं की काचेच्या लागतात, त्या मनगटावर नेटक्या बसाव्या लागतात, आणि मग थेट कळंब्यापासून बायका पोरीला घेऊन चाचीकडे येतात. कारण तिच्या हातून बांगडी पिचत नाही. आणि पिचलीच कधी, तर त्या दुकानात 'फुटली' हा शब्द चालत नाही. 'वाढली' म्हणायचं. एका नवरीच्या मावशीने चुकून तो शब्द उच्चारला, तर चाचीने तिला रस्त्यावर जाऊन चूळ भरून यायला लावलं होतं.

तिचं काम बघत बसावं असं असतं. समोरचीचा हात हातात घेते, अंगठ्याच्या मुळाशी दाबते, बोटं गोळा करते आणि डोळे मिटून माप सांगते, दोन-चार, दोन-सहा. मग साबण. मग गप्पा. "जेवायला काय केलतीस गं आज? आन हात ढिला सोड की, कुस्ती खेळाय आलीस व्हय?" पोरगी हसते, आणि त्या हसण्यात बांगडी हाडावरून पलीकडे गेलेली असते. जोर नाही, धसमुसळेपणा नाही. चाचीच्या मते जगात घट्ट असं काही नसतंच. समोरचं माणूस ताठ असतं, म्हणून घट्ट वाटतं.

एवढं डोक्यात भरलेल्या बाईने लाकडाच्या मानेलाही साबण लावला, यात नवल ते काय?

ती गिटार उमरची. उमर हा तिचा एकुलता मुलगा. एका कारखान्यात प्रेसवर कामाला होता आणि सुटी झाली की गिटार वाजवायचा. मित्राच्या हळदीत, गणपतीत, कुणाच्या गच्चीवर, कुठेही. गेल्या वर्षी त्या प्रेसमध्ये त्याचा डावा हात सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून गेली. गिटारच्या तारा दाबतात त्या हाताची.

तेव्हापासून पोरगं खोलीत. हाक मारली की यायचं, ताटातलं खायचं, परत जायचं. वाजवायची गिटार त्याने कुणाला तरी देऊन टाकली. कुणी विचारलं तर चाची सांगायची, "हाताला जरा लागलंय त्याच्या," आणि लगेच गिऱ्हाइकाला हाक मारायची.

आणि मग एक दिवस कुरिअरवाला लांबलचक खोकं घेऊन आला. आत गिटारचे सुटे भाग. धड वेगळं, मान वेगळी, तारा, खुंट्या, स्क्रू. सगळं उलट्या हाताचं! म्हणजे तारा उजव्या हाताने दाबायच्या आणि डाव्या हाताने छेडायच्या. छेडायला अंगठा आणि पहिलं बोट पुरतं, आणि ती दोन्ही शाबूत होती. "उलट्या हाताची तयार घावंना अक्का, म्हणून मीच जोडून घेतो की," उमर मला म्हणाला. कित्येक महिन्यांत या पोराच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.

चाची त्या दिवशी माझ्या मशीनपाशी येऊन कुजबुजली. चाची आणि कुजबुज! "निशा, पोरगं आज शिट्टी घालालतं गं. हे एवढं जुळू दे. हे फिसकटलं तर ते परत खोलीतनं भाईर यायचं न्हाय, सांगून ठेवतो."

जुळत आलंही होतं. उमरने गिटारच्या धडाला हिरवा रंग दिला. एक हात दिला, वाळवला, दुसरा दिला, मग आणखी. ज्या खाचेत मान बसवायची, तिच्यात रंग जाऊ द्यायचा नसतो म्हणे. खोक्यात तसा कागदही होता. पण कोल्हापुरात सूचनांचा कागद वाचणं म्हणजे आपल्याला काही येत नाही हे कबूल करणं. त्याने खाचही आतून झकास रंगवली.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शमशुद्दीनचाचा हुपरीला गेला होता. उमरने गिटारचं धड बांगड्यांच्या काउंटरवर ठेवलं आणि मान खाचेवर धरली. गेली नाही. अगदी थोडक्यात अडत होती. रंगाच्या थराने खाच अरुंद झाली होती, हे त्याला बघताक्षणी कळलं.

"पॉलिश पेपर आणतो," तो म्हणाला. "जरा घासून घेतो."

"घासतोस कशाला?" चाची एकदम ताडकन म्हणाली. "कमी करायचं न्हाय. आता आनि काय बी कमी करायचं न्हाय."

आणि साबणाची वडी उचलली.

खरं सांगते, मान निम्मी आत गेली तेव्हा माझ्या तोंडाचा आ झाला. सुळकन गेली! चाचीने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या अकलेची लाज वाटावी. आणि तिथेच ती मान अडकली. ना पुढे, ना मागे. उमर दाबतोय, हलवतोय, आणि तेवढ्यात लाकूड साबणाचं पाणी पितंय. बघता बघता ते असं आवळलं की खिळे मारले असते तरी त्यापेक्षा सैल राहिलं असतं.

"काढ, भाईर काढ," मी म्हणाले. उमरने धड छातीशी धरलं आणि मान डाव्या हाताने ओढली. साबणाने हात निसटला. पुन्हा धरली, पुन्हा निसटला. दोन बोटं नसली की मूठ आवळत नाही हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मग धड मी पकडलं आणि त्याने दोन्ही हातांनी मान ओढली. चाची शेजारी उभी राहून चक्क गिटारला सांगत होती, "ढिलं सोड की गं. सोड की."

कट्ट!

मान बाहेर आली. सोबत खाचेच्या कडेची बोटभर लांब ढलपी निघून बांगड्यांच्या स्टँडवर जाऊन आपटली.

संपलं, मला वाटलं. पोरगं आता उठणार, आत जाणार, आणि ते दार पुन्हा उघडणार नाही. चाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि सवयीने, निव्वळ सवयीने, तिच्या तोंडून गेलं, "वाढलं."

"वाढलं न्हाय, अम्मी. फुटलं."

"दुकानात असं बोलू न्हाय बाळा..."

"फुटलं! फुटलं म्हण की एकदा!" उमरचा आवाज असा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. "हाताला लागलंय, हाताला लागलंय, सगळ्यास्नी त्येच सांगतीस. लागलं न्हाय. दोन बोटं गेली माझी. तू बघितलाईस तरी हात? सकाळपासनं सगळ्या गावाच्या बायकांचं हात धरून बसतीस. माझा धरलाईस एकदा तरी? दवाखान्यात न्हाय, घरात न्हाय. पट्टी अब्बांनीच बदलायची. ताट वाढतीस तवा बी तोंड तिकडं."

पोरगं रागात बोलतंय, काहीही बोलतंय, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि चाचीकडे पाहिलं. ती नाही म्हणत नव्हती.

मला धक्का बसला, तो त्या फुटलेल्या लाकडापेक्षा मोठा होता. भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू येतं. त्याच्यासाठी तिने केलेले उपास मला ठाऊक, दर्ग्यात वाहिलेली चादर ठाऊक, त्याला आवडते म्हणून सणाशिवाय केलेली खीर ठाऊक. आणि ज्या बाईचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे हात धरण्यात गेलं, तिने स्वतःच्या पोराचा हात एकदाही धरला नव्हता. हे कसं शक्य आहे? असं कुणी आई करते? मला तिचा राग आला. भयंकर राग आला.

चाची स्टुलावर बसली. इतक्या हळू बोलली की मला वाकून ऐकावं लागलं.

"माझ्या बोटांत माप ऱ्हातंय रे. एकदा हात धरला की पुसत न्हाय. तुझा जुना हात आजून हाय माझ्याजवळ, जसा हुता तसा. आता धरला की नवं माप बसनार. मग त्यो खरंच गेला की रे."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी खाली पडलेली ढलपी शोधायला वाकले, कारण वर बघवेना.

उमर मात्र आत गेला नाही. त्याने बाहीला तोंड पुसलं, माझ्या हातातली ढलपी घेतली, उलटसुलट करून पाहिली. "अक्का," म्हणाला, "फेविकॉल हाय काय तुमच्यात?"

पुठ्ठ्याची मापं चिकटवायला मी ठेवते, ती डबी धावत आणली. त्याने खाच पुसली, कडेला फेविकॉल लावला, ढलपी जागच्या जागी बसवली. अशी बसली की सांधा दिसेना. पण आता तो सुकेपर्यंत दाबून धरायला हवा होता, आणि शिकंजा कुणाकडे होता? उमरने उजव्या हाताने धड उभं धरलं आणि डाव्या हाताच्या बोटांनी ढलपी दाबली. तीन बोटांखाली ती पक्की राहिली. पुढचं टोक मात्र उचलायला लागलं. जिथे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पडायला हवं होतं, नेमकं तिथेच.

मी मदतीला हात पुढे केला. चाचीने तो फटकन बाजूला सारला.

काउंटरला वळसा घालून ती त्याच्याजवळ आली. आधी नुसती दोन बोटं टेकवली, त्या रिकाम्या जागी, लाकडावर. ढलपी खाली बसली. मग हळूहळू तिचा तळवा त्याच्या हातावर आला. बोटांच्या मुळाशी जिथे आता कातडी गुळगुळीत झाली आहे, तिथे तिचा अंगठा गेला आणि थांबला. चाची रडली. तिच्या सगळ्याच गोष्टींसारखी, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल अशी. पण हात काढला नाही.

"दुखतंय रे?"

"न्हाय. थंडीत जरा वढतंय."

"तेल लावत जा म्हणावं तर..." तिने अंगठा पुन्हा त्याच जागेवरून फिरवला. "मी लावतो आजपासनं."

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकते, ती मान पुढे बसली. लाकूड चांगलं वाळू दिलं, खाचेतला रंग उमरने पॉलिश पेपरने घासून काढला, चाचीने घासू दिला, आणि मग मान नुसत्या हाताने दाबल्यावर आत गेली. गिटार वाजते. सध्या वाईट वाजते, कारण उजव्या हाताला तारा दाबायची सवय नाही. तिचा त्रास सगळ्यात जास्त मला होतो, ती भिंत अशी आहे.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती तीच दुपार. दोघं तसेच उभे होते, हातावर हात दाबून, आणि दारात रिक्षा थांबली. लग्नघरची माणसं. नवरी, तिची आई आणि दोन करवल्या. "चाची, चुडा भरायचाय वो, जरा लवकर भरा," आई आत येता येता म्हणाली. "घरात पावणं खोळंबल्यात."

मी चाचीकडे पाहिलं. शुभकार्याची माणसं आली, आता ही डोळे पुसणार, हात सोडणार आणि हसून साबणाची वाटी पुढे ओढणार, याची मला खात्री होती.

तिने मानही वर केली नाही.

"खोळंबू देत," ती म्हणाली. "माझ्या पोराची दोन बोटं गेल्यात. त्याचा हात धरलाय मी."