झाकणवाली आर्डिस

लिंडक्विस्टच्या कारखान्यात आर्डिस कोल्स्टाडची चाहूल लागली, की रंगखान्यातून हमखास हाक उठायची, "झाकणं लावा, बाई आली!" मग रंग पातळ करायच्या थिनरच्या डब्यांवर खटाखट झाकणं बसत. आर्डिस दारात उभी राहून म्हणे, "बाई गेल्यावरही लावत जा की रे. थिनर काय मला बघून उडायचं थांबतं?"

कारखाना विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला, तळ्याकाठी. तिथे मासे पकडायची आमिषं बनत. बोटाएवढा पितळी मासा, पोटाला गळ, अंगावर लालभडक नाहीतर हिरवा रंग आणि ब्रशच्या टोकाने हाताने काढलेला डोळा. आर्डिस एकोणिसाव्या वर्षी तिथे खोकी भरायला लागली. एकदा सरकारी खात्याचं अकरा पानांचं पत्र आलं. तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे थेरॉन लिंडक्विस्टच्या वडिलांनी, ते सगळ्यांकडे फिरवलं, आणि शेवटच्या पानापर्यंत वाचणारी एकटी आर्डिस निघाली. तेव्हापासून हवा, पाणी, वाफा, सांडपाणी या सगळ्यांचे नियम तिच्या टेबलावर येऊन पडले ते कायमचे. आता ती बासष्ट वर्षांची होती आणि थेरॉन मालक झाला होता. दोघं एकाच शाळेत शिकलेले, त्यामुळे मालक आणि नोकर असला प्रकार त्यांच्यात कधी शिरलाच नाही.

दोन वर्षांपूर्वी थिनरच्या वाफांवर कडक मर्यादा घालणारा नवा नियम येणार अशी कुणकुण लागली. आर्डिस थेरॉनच्या मागेच लागली. शेवटी जुना, थिनरचा रंग बंद झाला, पाण्याचा रंग आला आणि तो भाजायला भट्टी बसली. आधी कामगारांनी नाकं मुरडली. जुना रंग आठ मिनिटांत वाळायचा; या नव्याला भट्टीत चाळीस मिनिटं ठेवावं लागे. भट्टीकडे मालाची गाडी ओढणारा ड्वेन म्हणाला, "इतक्या वेळात माझी बायको अख्खी कोंबडी भाजते."

पण मग रंगखान्यातली लव्हॉन गाऊ लागली. लव्हॉन प्रुएट बावीस वर्षं स्प्रे गन धरून उभी होती. रोज दुपारी तीनच्या सुमारास तिचं डोकं दुखायला लागे, घरी गेली की अंधार करून पडायची. पाण्याचा रंग आला आणि महिन्याभरात डोकेदुखी गेली. चर्चच्या गायनात तिने पुन्हा नाव घातलं आणि सराव कारखान्यातच सुरू केला. सूर यथातथाच होता. तरी आर्डिस रंगखान्याच्या बाहेर क्षणभर थांबून तो ऐकायची, आणि मगच आत जायची.

तो नियम एक मार्चपासून लागू व्हायचा होता. वीस जानेवारीला नव्या अध्यक्षांनी शपथ घेतली आणि त्याच संध्याकाळी हुकूम सुटला: जे नियम अजून अमलात आलेले नाहीत ते सगळे रोखून धरा. पलीकडच्या गावातल्या बोटी बनवणाऱ्याने त्या आनंदात बायकोला नाचायला नेलं. गेल्याच वर्षी नवी यंत्रं बसवून बसलेला फर्निचरवाला मात्र दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी थेरॉन वर्तमानपत्र घेऊन आर्डिसच्या टेबलाशी आला. "वाचलंस?"

"पूर्ण वाचलं. तू?"

"मथळा वाचला."

"तरीच खुशीत दिसतोस."

"अगं, नियम गेला!"

"गेला नाही, थांबलाय. साठ दिवस. मग पुन्हा तपासतील, ठेवतील नाहीतर बदलतील."

"तोवर आपण मोकळे. थिनरचे ड्रम मागवतो. उन्हाळ्याच्या ऑर्डरी तुंबल्यात, ती भट्टी आपली रांगतेय."

"थेरॉन, नियम थांबला म्हणून आपण मागे फिरायचं, असं कुठे लिहिलंय?"

"आणि फिरायचं नाही, असं तरी कुठे लिहिलंय?"

आर्डिसचा हात सवयीने मागच्या फायलींकडे गेला आणि तिथेच राहिला. इतकी वर्षं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या फायलींत सापडत आलं होतं. याचं नव्हतं. ती म्हणाली, "लव्हॉनचं डोकं दुखतं रे."

थेरॉनचा चेहरा जरा उतरला. माणूस वाईट नव्हता. "चांगला पंखा बसवू तिच्यासाठी," तो म्हणाला. "पण खरं सांगू? मला त्या रंगाचा भरवसाच नाही. तळं गोठलं की बर्फाच्या भोकाच्या कडेवर आमिष दिवसभर आपटतं. पाण्याचा रंग तिथे टिकेल?"

"टवका उडाला म्हणून एक तरी आमिष परत आलंय?"

"येतील. जत्रा होऊ दे, सोमवारी मी ऑर्डर देतो."

जत्रा म्हणजे फेब्रुवारीतला तो शनिवार. त्या दिवशी सगळं गाव गोठलेल्या तळ्यावर उतरतं. बर्फाला भोकं पाडायची, बादली पालथी घालून बसायचं, गळ खालीवर नाचवत राहायचा. शेगड्यांवर सॉसेज, थर्मासात कॉफी, कॉफीत ब्रँडी. आर्डिसचा नवरा गॉर्डी सकाळपासून तीन भोकं सांभाळत होता आणि तिन्हीतून काही निघत नव्हतं. आर्डिसचंही लक्ष नव्हतं. सोमवार तिच्या डोक्यातून जात नव्हता.

दुपारी थेरॉनच्या भोकाभोवती आरडाओरड झाली. त्याने चांगला हातभर लांबीचा वॉलआय मासा ओढून काढला होता. लोक जमले. थेरॉनने माशाच्या जबड्यातून आमिष सोडवलं, सर्वांना दिसेल असं वर धरलं आणि नेहमीप्रमाणे त्याचा मुका घेतला. लाल-पांढरं आमिष, वडिलांनी स्वतः रंगवलेलं, थेरॉनच्या नशिबाचं. कोणाच्या नशिबाचं आमिष दुसऱ्याने हातातसुद्धा घ्यायचं नाही, हे त्या तळ्यावर पोरासोरांनाही माहीत.

"बघा!" थेरॉन गरजला. "बापाच्या हातचा रंग! चाळीस हिवाळे झाले, टवका उडालाय? आर्डिस, इकडे ये, तूही बघ. याला म्हणतात थिनरचा रंग!"

आर्डिस गेली. हात न लावता, चष्मा कपाळावर सारून, वाकून बघू लागली. रंग खरंच नवा कोरा होता. मग तिची नजर डोळ्यावर गेली. म्हाताऱ्या लिंडक्विस्टने काढलेले डोळे समोर बघायचे. या माशाचं बुबुळ किंचित मागे सरकलेलं होतं, कोणी पाठलाग करतंय की काय असं वळून पाहणारं. कारखान्यात असा डोळा एकच बाई काढायची.

गर्दीत लव्हॉन उभी होती. तिने टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली.

आर्डिस तिच्याजवळ सरकली. "लव्हॉन," ती हळूच म्हणाली, "तो डोळा तुझा आहे."

"नको ना बोलूस."

"काय केलंस?"

"तो दोन वर्षांपूर्वी देऊन गेला. म्हणाला, वरून नुसता पारदर्शक लेपाचा हात मार, बापाच्या रंगाला धक्का लावू नकोस. आणि मी ते चुकून रंग खरवडायच्या टोपलीत टाकलं. सगळं साफ! नुसतं पितळ! मी रडायचीच बाकी होते. थिनरची खोली त्या आठवड्यात बंद, गनमध्ये फक्त पाण्याचा रंग होता, आपली पहिली चाचणी चालली होती. भिंतीवरच्या फोटोत बघून रंगवलं. सांगू नकोस. तो मला तळ्यात ढकलेल."

सोमवारची ऑर्डर थांबवायला एवढं पुरेसं होतं, पण ते बोलायचा हक्क आर्डिसचा नव्हता. "तुझी गोष्ट आहे," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

समोर थेरॉन दुसऱ्यांदा मुका घेत होता. "असा रंग आता परत येणार! सोमवारी!"

लव्हॉनने टोपी काढली. "थेरॉन," ती मोठ्याने म्हणाली, "तो रंग मी दिलाय. पाण्याचा. तुझ्या वडिलांचा माझ्या हातून खरवडला गेला. मला माफ कर."

थेरॉनने आमिष डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. आर्डिसला वाटलं, आता हा रडणार.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "दोन हिवाळे मी लव्हॉनच्या रंगाचे मुके घेतोय?"

"तरीच म्हटलं, ही जत्रेला नटून का येते!" लव्हॉनचा नवरा मागून ओरडला, आणि सबंध तळं हसलं. थेरॉन तर बर्फावरच खाली बसला, इतका हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "बापाला हे कळलं असतं तर त्याने तुला ओरडून बहिरं केलं असतं, आणि मग पगार वाढवला असता."

"मग तू?" ड्वेनने विचारलं.

"मी नुसतं ओरडतो." त्याने आर्डिसकडे बघितलं. "भट्टी रांगतेच हं. त्याचं काहीतरी कर."

"भट्टीत दुसरी मांडणी लावली की एका खेपेत दुप्पट माल जाईल. नकाशा नोव्हेंबरपासून तुझ्या टेबलावर पडलाय."

"किती पानं आहेत?"

"तीन."

"बघतो."

सोमवारी ड्रमची ऑर्डर गेली नाही. आर्डिसने चाचण्यांची वही काढून सगळ्यात वर, पहिल्या चाचणीच्याही आधी, एक ओळ लव्हॉनकडून लिहून घेतली: लाल-पांढरं आमिष, पाण्याचा रंग, दोन हिवाळे बर्फात, टवका नाही. 'वापरून पाहणारा' या रकान्यात थेरॉनची सही हवी होती. त्याने पेन उचललं, थांबला, चष्मा लावला आणि ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग सही केली.

आतून लव्हॉनचं गाणं ऐकू येत होतं. थेरॉनने कान टवकारले. "आर्डिस, हिच्या तोंडाला झाकण लावायचा काही नियम आहे का गं?"

"शोधते," आर्डिस म्हणाली, आणि फाइल न उघडताच कॉफी प्यायला गेली.