आमच्या ओट्यावरची तीन फुप्फुसं

असे किस्से छातीतल्या कफासारखे असतात. रोज थोडे थोडे साचतात, आणि एक दिवस खोकून बाहेर काढले नाहीत तर झोप लागत नाही. म्हणून काढतो. ज्याला किळस येते त्यानं आत्ताच उठावं!

आमचं घर गोंदियाच्या पलीकडे, बालाघाटात. ओट्यावर रोज सकाळी तीन म्हातारे. एक माझे बाबा, सिंचाई विभागातून रिटायर. दुसरे लांजेवार काका, जंगलखात्यातले. तिसरे मेश्राम गुरुजी, हेडमास्तर होते. या तिघांनी जन्मभर इतक्या बिड्या ओढल्या की तेंदूपत्त्याचं एखादं जंगल यांच्याच नावावर संपलं असेल. आता तिघांनाही सीओपीडी. म्हणजे फुप्फुसं कायमची कामातून गेलेली. हे लोक त्याला 'थोडीशी धाप' म्हणतात.

आणि मी? मी पॉलिटेक्निक अर्धवट सोडलेला, त्यामुळे ओट्याचा बिनपगारी ड्रायव्हर. तिघांना दवाखान्यात मीच नेतो. डॉक्टरनं बाबांना आणि काकांना पंप लिहून दिला. एकाच पंपात श्वासनळ्या मोकळ्या करणारी दोन औषधं. नेमानं घ्यायचा, धाप लागली तर लगेच घ्यायचा, आणि मनानं डोस वाढवायचा नाही. बाबांना तर डॉक्टरनं दम भरला, "उशीर केला तर पुढच्या वेळी ऑक्सिजन लावून गोंदियाला न्यावं लागेल. मग माझ्या हातात काही नाही."

बाबा म्हणतात, "पण साहेब, पोरीचं लग्न जमवून राह्यलो. लोकाइसमोर पंप कसा काढू?"

कारण घरात दमा आहे म्हटलं की स्थळवाले अर्धा चहा टाकून उठतात. ताईचं लग्न की बाबांचा श्वास, असा हिशोब बाबांनी स्वतःच मांडला आणि स्वतःच निकाल लावला. लग्न!

* * *

पंप कसा घ्यायचा हे दवाखान्यातल्या सिस्टरनं मला नीट दाखवलं. मलाच, कारण तिघं बाहेर बाकावर बसून सरकारला शिव्या देत होते. घरी येऊन मी ओट्यावर उभं राहून सांगायला लागलो, "आधी श्वास पूर्ण सोडायचा..."

गुरुजींनी चष्मा खाली केला. "तुले पॉलिटेक्निक निघालं नाही, अन् तू आमाले श्वास शिकवते?"

लांजेवार काका म्हणाले, "अबे, पैदा झालो तवापासून घेऊन राह्यलो ना! कोन शिकवलं होतं?"

बाबांनी पेपर उघडला. मी शिकवायला लागलो की बाबा पेपर उघडतात. पेपर कालचा असला तरी!

* * *

गुरुजींना पंप नव्हता, कॅप्सूलवालं मशीन होतं. कॅप्सूल मशीनमध्ये टाकायची, फिरवायची आणि आतली पावडर ओढायची. महिना झाला तरी गुरुजी धापा टाकतच. मी घरी जाऊन पाहिलं, तर मशीन शोकेसमध्ये, आदर्श शिक्षक पुरस्काराच्या शेजारी. अजून प्लास्टिकही काढलेलं नाही!

"गुरुजी, कॅप्सूल कशी घेता?"

"दुधासंगं."

"गिळता?"

"मंग कॅप्सूल काय कानात टाकतेत?"

"अन् फरक?"

"हौ, आहे ना! पोट साफ होते."

* * *

मशीन सुरू करून दिलं. तर त्यांच्या भाच्यानं गोंदियाच्या डॉक्टरकडून एक पंप आणून दिला, गुरुजींनी तोही सुरू केला. नाव वेगळं, आतलं औषध तेच. आठवडाभरात छातीत धडधड आणि हाताला कापरं. आईनं चहा दिला. कप-बशी अशी वाजायला लागली की शेजारच्यांना वाटलं शाळा सुटली! गुरुजी चहा बशीत ओतून पितात. त्या दिवशी ओतावा लागला नाही, आपोआप बशीत आला.

"दोन्हीत एकच औषध आहे, गुरुजी. डबल डोस होऊन राह्यला."

"अरे, दोन डॉक्टर दोन वेळा तेच सांगतेत म्हणजे बरोबर असन ना!"

गणित शिकवत होते हे!

* * *

बाबांचं म्हणणं वेगळं. "पंप रोज घेतला तर त्याची सवय लागते."

हे वाक्य त्यांनी बिडी पेटवताना म्हटलं. काडी विझली म्हणून दुसरी काडी लावून परत म्हटलं!

* * *

दसऱ्याला लांजेवार काकांनी शस्त्रपूजा मांडली. पाटावर कुऱ्हाड, जंगलखात्याची जुनी टॉर्च, स्कूटरची चावी आणि मधोमध पंप. झाकण काढलेला.

काकूंनी विचारलं, "पंप काहून ठेवला जी?"

"ज्याच्यावर जीव चालते त्याची पूजा कराव लागते."

पंपाला हळद, कुंकू, अक्षता. संध्याकाळी काका सोनं द्यायला आमच्या ओट्यावर आले, चढतानाच धाप लागली, खिशातून पंप काढला, दाबला. औषधाबरोबर अक्षतेचा दाणा थेट घशात! काकांचे डोळे बाहेर आले. मी पाठीवर थापा मारतोय, बाबा छातीवर. दोघांच्या मध्ये काकांचा ढोल! शेवटी दाणा उडून गुरुजींच्या धोतरावर पडला.

गुरुजींनी तो उचलला, नाकाशी नेला. "चिन्नोर आहे!"

आमच्या जिल्ह्याला चिन्नोर तांदळाचा फार अभिमान आहे. माणूस मरत असला तरी!

* * *

त्यावर मी ओरडलो, "काका, झाकण लावून ठेवत जा! अन् घेण्याआधी आत पाहत जा, काही गेलं तर नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं. दुसऱ्या दिवशी काकांनी पंप डोळ्याला लावला, आत पाहिलं, आणि नीट दिसेना म्हणून दाबला!

तासाभरात एका डोळ्याची बाहुली बटणाएवढी. त्या डोळ्यानं सगळं धुरकट. तिघांना घरात घेऊन मी पाण्यानं डोळा धुऊन देत होतो आणि सांगत होतो की हे औषध डोळ्यात गेलं की असं होतं, काचबिंदूवाल्यानं तर फार जपावं लागतं, चला, दवाखान्यात चला. तेवढ्यात आईनं निदान केलं.

"कोनाची तरी नजर लागली."

मी "आई, थांब!" म्हणेपर्यंत तव्यावर लाल मिरच्या पडल्या होत्या. तीन खराब फुप्फुसं, एक बंद खोली आणि मिरच्यांचा धूर! तिघं एकमेकांना ढकलत ओट्यावर आले. गुरुजी मशीन शोधतायत, काका एका डोळ्यानं पंप शोधतायत, बाबा खांब धरून खोकतायत आणि आई आतून आनंदानं ओरडतेय, "ठसका लागला ना? म्हंजे नजर होती!"

काकांना दवाखान्यात नेलं. बाहुली हळूहळू जागेवर आली. श्रेय मिरच्यांना मिळालं.

* * *

पण यात बाबांनी पंप काढला नाही, हे मी पाहिलं. कारण शेजारचे बघायला जमले होते. घरातसुद्धा बाबा पंप घ्यायला बाथरूममध्ये जातात आणि नळ सोडतात. घेतात की नुसता नळ सोडतात, कुणाला ठाऊक!

डिसेंबरात ताईसाठी एक मध्यस्थ आला. रामपायलीचा. बसला तो उठेचना. बाबांना धाप लागलेली, पंप खिशात, हात खिशावर, तरी काढेनात. उलट हसून बोलतायत. मी डोळ्यांनी खुणावतोय, बाबा माझ्याकडे बघत नाहीत. शेवटी मध्यस्थच घाबरला.

"भाऊसाहेब, तुमचे ओठ काहून निळे दिसतेत?"

बाबांनी कसाबसा श्वास जमवला. "जांभूळ खाल्ले."

डिसेंबरात!

मध्यस्थ गेल्यावर मी ताडताड बोललो. म्हटलं, ताईच्या लग्नात तुमचा फोटो लावायचा की तुम्ही स्वतः येणार? बाबांनी पेपर उघडला.

* * *

मग कटंगीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, ताईला पसंत. आम्ही घर बघायला गेलो. मुलाचे वडील तालेवार माणूस, मिशा मोठ्या, धानाची शेती. स्वागत वरच्या मजल्यावर, आणि जिना असा उभा की शिडी बरी! वर पोचेपर्यंत बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. मी कानात म्हटलं, "घ्या आता." बाबांनी माझा हात झटकला.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "हा पोरगा काय करते तुमचा?"

"तयारी," बाबा म्हणाले. कशाची, ते सांगण्याइतका श्वास नव्हता.

पोहे आले. तेवढ्यात मुलाचे वडील उठले, "जरा बैलाइले पाहून येतो." थोड्या वेळानं बाबाही उठले, "मी... बोअर... पाहून येतो." आणि गेले.

पोहे संपले. चहा आला. बाबा नाहीत! आई माझ्याकडे बघायला लागली. ताईचा चेहरा उतरला. मला ते निळे ओठ दिसायला लागले, गोंदियाचा रस्ता दिसायला लागला. मी जिना कसा उतरलो मला माहीत नाही. बोअरजवळ कुणी नाही. गोठ्यात कुणी नाही. धानाच्या तणसाच्या ढिगामागून आवाज आला म्हणून तिकडे धावलो.

मागे मुलाचे वडील उकिडवे बसलेले. हातात पंप. उलटा धरलेला, झाकणासकट, आणि माणूस जीव खाऊन दाबतोय!

त्यांच्यासमोर माझे बाबा. त्यांच्याही हातात पंप.

"असा नाही, पाव्हणे. आधी झाकण काढा. आत पाहा, कचरा नाही ना. डोळ्यापासून लांब धरून. आता सुलटा धरा, हलवा. श्वास पूरा सोडा, पूरा! ओठ घट्ट लावा. आता हळूहळू ओढा अन् ओढता ओढता दाबा. रोखून धरा... घाई नका करू... हां, सोडा. हे पाहा, मी घेऊन दाखवतो."

आणि बाबांनी घेतला. तंतोतंत. सिस्टरसुद्धा इतका सुंदर घेत नसेल! ओठांवर हळूहळू रंग आला.

मुलाच्या वडिलांनी मिशा पुसल्या, मोठा श्वास घेतला आणि थक्क होऊन विचारलं, "लय भारी, जी! तुमाले हे कोनं शिकवलं?"

मी तणसाला टेकून उभा होतो. बाबांनी मला पाहिलं. पंपाला झाकण लावलं, खिशात ठेवला.

"कोन शिकवन, पाव्हणे? अनुभव!"