तोंडाची नरम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय—तेही नीट ठाऊक नाही. थकलोय, एवढंच समजा.

मी सारंगखेड्याचा. शहाद्याला मोटर रिवायंडिंगचं काम करतो. घरात थोरली बहीण आहे, अक्का. लहानपणीच पोलिओनं तिचे पाय गेले. मी अंगानं भरलो तेव्हापासून तिला उचलून न्यायचं काम माझं. दवाखाना असो, लग्न असो, यात्रा असो—अक्का माझ्या पाठुंगळीला. आणि बघणारे म्हणायचे, “भाऊ पाहिजे ते असा!” तीस वर्षं हे ऐकलं. कानाला चटक लागते हो. मी तेव्हा मान खाली घालायचो, पण ऐकायचो बरोबर.

मग एका शिबिरातून तिला मोटरची खुर्ची मिळाली. जॉयस्टिकच्या दांडीला बोट लागलं की खुर्ची उसळायची, वळताना भिंतीवर जायची. खुर्ची पोचवायला आलेल्या माणसानं मला एक छोटं यंत्र दाखवलं. ते वायरीनं जोडायचं आणि आकडे कमी-जास्त करायचे—पिकअप किती, वळण किती. “तुम्ही मोटरवाले, तुम्हाला जमेल,” म्हणाला आणि यंत्र माझ्याकडेच ठेवून गेला.

पंधरा दिवस मी अक्काचा हात बघत होतो. बोटं किती दाबतात, कुठे कचरतात. त्याप्रमाणे पिकअप थोडा वाढव, वळण थोडं उतरव. शेवटी एका सकाळी ती तुळशीला वळसा घालून आली आणि लहान पोरीसारखी हसली. “भाऊ, तोंडनी नरम शे रे!”

आमच्याकडे घोड्यांची यात्रा भरते. लगामाला नुसतं बोट लावलं की वळणारं घोडं, ते तोंडाचं नरम. आयुष्यात एवढं चांगलं काम मी दुसरं केलेलं नाही.

आणि तेच मी नासवलं.

अक्का एकटी बाहेर पडू लागली. बचत गटाच्या शिवणकेंद्रात पोरींना ब्लाउजचं कटिंग शिकवू लागली. सकाळी न सांगता निघायची, दुपारी केंद्रातल्या गोष्टी सांगत यायची. एका लग्नात सगळ्या बायका तिच्याभोवती. मी कडेला उभा. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, “अक्का तुन्हा पुढे निंघी गयी रे!” मीही हसलो. पण ‘भाऊ पाहिजे ते असा’ हे कोणी म्हणालं नाही—त्या दिवशी नाही, पुढेही नाही. पन्नाशीच्या माणसाला एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटावं? वाटलं.

सांगतो. सांगायचंच आहे ना?

एका दुपारी ती आडवी झाली होती, खुर्ची चार्जिंगला होती. मी यंत्र जोडलं. पिकअप निम्म्याखाली आणला, वळणही तसंच. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, काळजी म्हणून केलं—असं कारणही तयार ठेवलं होतं. ते वापरायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्ची केंद्राच्या चढावर मध्येच अडकली. दोन पोरींनी ओढून वर घेतली. मी ठरवलं होतं, अक्का विचारेल—खुर्चीला काय झालं? विचारलं की लगेच दुरुस्त करायचं. तिनं विचारलंच नाही. ती आपल्या हाताकडे बघत बसली.

“मन्हा हातमा जोर नही ऱ्हायना, भाऊ.”

यात्रेतली जुनी माणसं म्हणतात, घोड्याचं तोंड कडक झालं तर घोड्याला बोल लावू नये, लगाम धरणारा हात बघावा. हे ऐकतच ती वाढली. म्हणून तिनं हात बघितला. लगामावर आणखी कुणाचा हात असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. कसं येईल?

पाच मिनिटांचं काम होतं. मी काय केलं? मी म्हटलं, “वय व्हई गयं ना, अक्का.”

आकडे एक वेळ सोडा. हे वाक्य माझं आहे.

महिन्याभरात तिनं केंद्र सोडलं. कापड तिरपं कापलं जाईल, म्हणून कात्रीही ठेवून दिली. मी पुन्हा तिला नेऊ-आणू लागलो. एका बारशाला कुणीतरी म्हणालं, “भाऊ पाहिजे ते असा!” मला जेवण गेलं नाही.

पुढे मी आकडे परत जिथल्या तिथे केले. अक्कानं दांडीला बोट लावलं, खुर्ची हलकेच पुढे गेली, वळली—पहिल्यासारखी, तोंडाची नरम. तिनं चटका बसावा तसा हात काढला. “नको रे, मन्हा हातना भरवसा नही. तूच ढकल.” तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आता मी मोटरचा खटका काढून चाकं मोकळी करतो आणि ढकलतो. खुर्ची जड आहे. चढावर दम लागतो.

अक्का रोज सकाळी कणकेचा गोळा घेऊन बसते. दाबते, सोडते, दाबते. कुणीतरी सांगितलंय, त्यानं हाताला जोर येतो. आजही बसली होती. मला बघून म्हणाली, “आज जरासा जोर वाटस रे, भाऊ.”

मी हो म्हटलं.