नैरोबीचं समन्स, शिरपूरची भिंत

कोल्हापूरहून निघताना ट्रंकेत लग्नाचं जरीकाठी धोतर टाकलं. तीन वर्षं ते माझ्याबरोबर खानदेशात जातंय आणि घडी न मोडता परत येतंय.

माझं लग्न ठरलं होतं गोदाशी. ती जळगावच्या शाळेत मास्तरीण, मी कोल्हापुरात मास्तर. तिचा पहिला नवरा सात वर्षांपूर्वी नैरोबीला गेला, तो गेलाच. सोडचिठ्ठीसाठी तिने धुळ्याच्या कोर्टात अर्ज केला, पण नवऱ्याला समन्स पोचल्याशिवाय गाडं हलेना. आपला बेलिफ काही बोटीत बसत नाही. टपालाने पाकीट दोनदा गेलं आणि ‘पत्ता सोडून गेले’ असा शिक्का मिरवत परत आलं. शेवटी न्यायाधीशांनी हुकूम दिला, नवरा परदेशी जाण्यापूर्वी राहत होता त्या घराला समन्स चिकटवा. स्वारी घरजावई होती. म्हणजे घर गोदाच्या माहेरचंच, शिरपूरजवळच्या खेड्यातलं!

जळगावला उतरलो तर गोदाच्या खोलीला कुलूप. शेजारीण हसत म्हणाली, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी नाही तर कुठे असणार? एवढं मला सुचू नये! स्टेशनाबाहेर चार केळी खाल्ली आणि तापलेल्या एस.टी.त जाऊन बसलो.

गावात लिंबाला झोके बांधले होते, पोरींची गाणी चालली होती. गोदाच्या आईने, म्हणजे अक्कांनी, आमरस आणि मांडे (खापरावरची पातळ, मोठी पुरणपोळी) वाढले. मी ताव मारला. शेजारच्या पाटावर कोर्टाचा बेलिफ मात्र घास चिवडत होता. आठवड्यापूर्वी त्याने समन्स चिकटवलं, पण पंचांच्या सह्या घ्यायच्या राहिल्या. आज पंच घेऊन आला तर भिंत पांढरीशुभ्र. अक्कांनी सणासाठी ती पांढऱ्या मातीने पोतारली होती, समन्सासकट! न दिसणाऱ्या कागदावर पंच सही करीनात. आणि उद्याचा दिवस गेला की कोर्टाला उन्हाळी सुट्टी.

मला राग आला, आणि तो मी बोलूनही दाखवला. अक्का खाली बघत म्हणाल्या, “आखाजी शे, मास्तर. बठ्ठ्या (सगळ्या) सोयऱ्या येतीस. दारशी तो कागद कसा ठेवू?”

माझा राग तिथेच विरला. गोदा आईशेजारी जाऊन बसली. मग अक्का उठल्या, तांब्याभर पाणी घेतलं आणि सगळ्या सोयऱ्यांसमोर ती सणाची भिंत फडक्याने पुसू लागल्या. आधी कोपरा दिसला, मग मोहोर, मग जावयाचं नाव. पंचांनी सह्या केल्या. बेलिफाने आमरस पुन्हा मागितला.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात अहवाल दाखल झाला. नवऱ्याला समन्स पोचलं असं धरून कोर्टाने जूनमधली तारीख दिली. नैरोबीपर्यंत जायचं म्हणून आम्ही तीन वर्षं धडपडलो, आणि काम अडलं होतं अक्कांच्या ओट्यावर.

परतीच्या गाडीत ट्रंक उचलली तर हलकी लागली. निघताना अक्कांनी ती स्वतः उघडली होती. “धोतर आठेच (इथेच) ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या.